एकोणिसाव्या पानावरची ओळ

पनवेल,
ता. २० सप्टेंबर १९६१

वेणू,

माझं सगळं बदललं ते परवा सोमवारी, भर दुपारी, उरणला तुमच्या ओट्यावर. तुझ्या भावाने माझीच नऊ वाक्यं मला तोंडपाठ म्हणून दाखवली, तेव्हा.

मागची चार पत्रं तू न उघडता परत केलीस. म्हणून ह्या पाकिटावर 'गणूबद्दल' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. ह्यात माझं मागणं काही नाही. (वरची एक ओळ खोडलीय, ती उजेडाला धरून वाचू नकोस.)

मावशींनी तुला कळवलं नसेल. 'माज्या पोरीची नर्सिंगची परीक्षा हाय, नाशकाला कायपन लिवू नको,' असं मला बजावलंय. तरी लिहितोय. मी कुणाचं ऐकलंय कधी?

आठ तारखेला, शुक्रवारी, सकाळच्या भरतीला गणूची होडी निघाली. तुमच्या कोळीवाड्यातली पहिली इंजिनाची होडी. नारळी पुनवेला त्या इंजिनाला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली होती, मी स्वतः पाहिलंय. अर्ध्या तासात इंजिन तापलं, वास सुटला. शिवा खलाशी पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायला गेला आणि उकळती वाफ तोंडावर आली. इंजिन जाम झालं. दुसऱ्या होडीने दोर लावून ओढत आणलं. शिवाचा एक डोळा गेला.

आता वाड्यात दोन तट आहेत. सात ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी चार वाजता सोसायटीच्या कचेरीत चौकशी आहे. अध्यक्ष भगवान नाखवा. त्यांनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय, 'गनूची चूक निघाली तर सोसायटीच्या कर्जाची होरी काढून घेनार. ज्यानं गड्याचा डोला घालवला त्याच्या हातात परत सुकानू देनार नाय.' तुझ्या बाबांच्या मागे गणूला होडीची तांडेलकी मिळाली, ती अशी जायची. होडी गेली तर दुसरी मिळेल. पण त्याच्या होडीवर कोण चढेल मग?

इंजिन आमच्या काशीराम शेठच्या कारखान्यातलं. सुटे भाग परदेशातून येतात, जोडणी इथे होते, आणि सोबत बत्तीस पानांचं मराठी पुस्तक देतात. ते पुस्तक कुणी लिहिलं हे तुला माहीत आहे. पहिली प्रत तुलाच पाठवली होती, तीही परत आली. शेठने सोसायटीला कळवून टाकलंय की सूचना पुस्तकात छापलेल्या आहेत, चालकाने त्या पाळल्या नाहीत.

मी सोमवारी गणूला बघायला गेलो होतो. बस्स, बघायला.

ओट्यावर जाळं पडलेलं, पण तो विणत नव्हता. म्हणाला, "जगनभाऊ, तू लिवलास तसाच मी केला. आईक." आणि डोळे मिटून सुरू झाला. "एक. इंजिनातील तेलाची पातळी तपासावी. दोन. इंधनाची तोटी उघडावी. तीन. समुद्राच्या पाण्याची तोटी उघडावी." वेणू, गणूच्या तोंडी 'तपासावी'! जन्मात कधी तो असं बोलला नसेल. चौथी पास माणूस, पण एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. आपण शाळेत पाढे म्हणायचो तशी मान डोलावत थेट नऊपर्यंत. "नऊ. इंजिन सुरू झाल्यावर हँडल काढून जागेवर ठेवावे." मग डोळे उघडून म्हणाला, "यातला कंचा नाय केला मी? तू सांग. तूच लिवलायस."

गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

गणूची चूक नाही एवढं मला पक्कं कळलंय. कुणाची, ते शोधतो आहे.

जगन


पनवेल,
ता. २६ सप्टेंबर १९६१

वेणू,

तुझं कार्ड आलं. सव्वा वर्षानंतर तीन ओळी, आणि तिन्ही ओळींत प्रश्न. 'कोणता डोळा? बोळ्याने पुसला की पाणी मारलं? गरम टाकी उघडू नये हे पुस्तकात कोणत्या पानावर आहे?' खाली सहीसुद्धा नाही.

दयाराम मास्तरांनी त्यांच्या साप्ताहिकात मला ठेवण्याऐवजी तुला ठेवायला हवं होतं. तुला आठवतं ना, तू पनवेलच्या मासळी बाजारातल्या बायकांचं गाऱ्हाणं घेऊन छापखान्यात आली होतीस, आणि मी दोन कॉलम भरून आग ओकली होती? मास्तरांनी ते वाचून मला विचारलं, "बायका किती? बसतात कुठे? त्यांना उठवलं कुणी?" मी हातातले कागद चाळू लागलो. तू बाकावरूनच सांगितलंस, अकरा, विहिरीच्या कट्ट्यापाशी, आणि नाव. मास्तर मला म्हणाले, "घरत, तुम्ही रागाची बातमी लिहिलीत. बातमी ह्या बाईंनी दिली." मला तेव्हा तुझा राग आला होता. नंतर दुसरंच काही आलं. ते असो.

प्रश्नाला उत्तर आधी, हेही त्यांचंच. तर डावा डोळा. पाणी मारलं, पण समुद्राचं. डॉक्टर म्हणतात उजवा वाचेल.

हे मला आधी ठाऊक नव्हतं. परवा रविवारी वही-पेन्सिल घेऊन पुन्हा उरणला गेलो तेव्हा कळलं. शिवाच्या दारात त्याची आई ठमाबाई बसलेली. मला बघून म्हणाली, "आला बघा पोथीवाला. आता काय लिवायला आलास, माज्या पोराचा दुसरा डोला?" मी उठून जाणार होतो. तुला ठाऊक आहे मी असं बोलणं ऐकून घेत नाही. पण तुझ्या कार्डावर तीन प्रश्न होते. खाली मान घालून बसलो आणि विचारलं, त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?

शिवा पट्टी बांधलेल्या तोंडाने बोलला. दोन आठवड्यांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. ना सोसायटीने, ना शेठच्या माणसाने. सगळे त्याचा डोळा बघून जायचे.

आयुष्यभर शिडाच्या होडीवर काम केलेला माणूस. इंजिनाच्या होडीवर त्याचा पहिलाच दिवस, नेहमीचा गडी तापाने पडला म्हणून आलेला. होडी चिखलात होती. रीतीप्रमाणे तो तळाखालून हात फिरवत गेला. "आन् बगतो तर भोक. येवढा." त्याने अंगठा दाखवला. "मग?" "मग काय? काथ्या कोंबला, वर डांबर थापला. उघडा भोक घेऊन दर्याव कोन जातो?"

वेणू, ते इंजिनाचं भोक होतं. इंजिनाला थंड ठेवायला समुद्राचं पाणी त्या भोकातून आत येतं, फिरतं, आणि होडीच्या कुशीतल्या नळीतून बाहेर पडतं. गणूने आतली तोटी बरोबर उघडली होती. माझं तिसरं वाक्य. बाहेरून भोक बुजलेलं असलं तर तोटी उघडून काय येणार? तुमच्या वाड्यातलं कुठलंही माणूस ते भोक बुजवेल. तू बुजवशील. तुझी आई बुजवेल, आणि वर गणूला शिव्या देईल.

मी विचारलं, आधीच्या दिवसांत काय दिसायचं नळीतून? शिवाला माहीत नव्हतं. ठमाबाईच म्हणाली, "किनाऱ्यावरनं दिसायचा की. इंजिन थुकायचा. पचापचा थुकायचा, आमच्या म्हाताऱ्यासारखा." त्या दिवशी थुंकलं का? "नाय. मी बोललीव पन शेजारच्या गंगाबाईला, आज याचा तोंड कोरडा कसा."

किनाऱ्यावर उभी असलेली म्हातारी, आणि तिला दिसलं होतं.

आता तुझा तिसरा प्रश्न. इंजिन सुरू होताच पहिल्या मिनिटात नळीतून पाणी पडतं का बघावं, न पडल्यास ताबडतोब बंद करावं, तापलेल्या टाकीचं झाकण उघडू नये. हे पुस्तकात आहे. एकोणिसाव्या पानावर. 'देखभाल' ह्या प्रकरणात. इंजिन सुरू करायची नऊ कामं चौथ्या पानावर आहेत.

मूळ इंग्रजी पुस्तकात तसंच होतं. मी फक्त भाषांतर केलं.

जगन


पनवेल,
ता. १ ऑक्टोबर १९६१

वेणू,

मागच्या पत्रात एक खोटं आहे, आणि त्याच्या आधीच्या पत्रात एक. दोन्ही आज लिहितोय. तीन कागद फाडून झाले, हा चौथा.

पहिलं. मूळ इंग्रजी पुस्तकात ती ओळ चौथ्या पानावरच होती. काळ्या चौकटीत, सगळ्यांत वर, नऊ कामांच्याही आधी. मी काढली. मला नऊ कामं एका पानावर सुबक बसलेली हवी होती, चौकटीमुळे शेवटची दोन पुढच्या पानावर जात होती. शिवाय सुरुवातीलाच 'उघडू नये, थांबवावे' असं भिववणं मला गावंढळ वाटलं. कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला आपलं पुस्तक शास्त्रीय दिसावं अशी फार हौस असते. पंख्याखाली बसून दहा दिवसांत लिहिलं. ते इंजिन पाण्यावर चालताना एकदाही पाहिलं नव्हतं. नारळी पुनवेला पाहिलं तेसुद्धा माळ घातलेलं, बंद.

दुसरं. त्या सोमवारी मी गणूला बघायला गेलो नव्हतो.

आदल्या शनिवारी शेठने खोलीत बोलावलं. टेबलावर दोन पुस्तकं, एकसारखी. एक उघडून माझ्यापुढे सरकवलं. चौथ्या पानावर बारीक टाइपात दहा कामं. दहावं नळीतल्या पाण्याचं, सगळ्यांत वर चौकट. मुंबईला छापून आणलेलं, मुखपृष्ठ तेच, तारीखही जुनीच.

शेठ आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "चूक तुझी, नाव माझ्या कारखान्याचं. बाकीच्या गिऱ्हाइकांकडच्या प्रती आपला माणूस बदलून येईल. त्या गणूकडची उरली. तिथे तुला चहा मिळतो, आमच्या माणसाला दारातूनच वाटेला लावतील."

मी म्हटलं, आणि गणू?

"गणूला काय फाशी देणार आहेत? दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाईल. तुला मात्र कोर्ट दिसेल, जगन. तू लग्नाचं म्हणत होतास ना मध्ये? मागच्या चाळीतली खोली रिकामी होतेय."

मी त्या वेळी टेबल उलथवलं असतं, असं तुला वाटेल. मलाही वाटायचं. पण त्यांनी 'खोली' म्हटलं आणि मला तू त्या खोलीच्या दारात उभी दिसलीस. मी पुस्तक घेतलं.

पुढचं लिहिताना लाज वाटते. पुस्तक होडीवर नसतंच, हे मला माहीत होतं. इंजिनासोबत आलेली वस्तू, मासळीचा हात लागू नये, भिजू नये, म्हणून मावशींनी ती लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवली होती. पुनवेला हळदकुंकू वाहिलं होतं. म्हणूनच तर गणूने ते पान पाठ केलं, पोथी दर्यावर कशी न्यायची? मी पनवेलच्या बाजारातून हळदकुंकू घेतलं आणि एसटीच्या मागच्या बाकावर बसून नव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बोटाने लावलं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "लग्नपत्रिका का?" मी हो म्हटलं.

मावशी चहा ठेवायला मागे गेल्या. फडकं सोडलं, नवं ठेवलं, जुनं शर्टाच्या आत घातलं, गाठ बांधली. मोजून पंधरा आकडे. बाहेर ओट्यावर आलो आणि गणू म्हणाला, "आईक." नऊही वाक्यं मी पोटाशी ते जुनं पुस्तक धरून ऐकली.

आता चौकशीत देव्हाऱ्यातलं पुस्तक मागवतील. त्यात दहा निघतील. गणू नऊ म्हणेल. सगळ्या वाड्यासमोर तो खोटा पडेल, आणि त्याला स्वतःलाही वाटेल की आपणच विसरलो.

तू जाताना लिहिलं होतंस, 'मी तुला कॉलेज सोडायला सांगितलं नव्हतं. तुझा राग माझ्या नावावर मांडू नकोस.' मला ते तेव्हा कळलंच नव्हतं. वर्गातल्या त्या पोराने तुला मासळीवाली म्हटलं म्हणून मी त्याचं नाक फोडलं, प्रिन्सिपॉल 'माफी माग' म्हणाले, मी त्यांचं दार आपटून निघालो. सगळं तुझ्यासाठी, असं सांगत गावभर फिरलो. ही पोथीसुद्धा तुझ्यासाठी, तुझ्या खोलीसाठी, असं मी त्या एसटीत स्वतःला सांगत होतो.

हे पत्र तू भगवान नाखवांना दाखवलंस तरी माझी हरकत नाही. दाखव.

जगन


पनवेल,
ता. ५ ऑक्टोबर १९६१

वेणू,

शनिवारला दोन दिवस उरले. तुझ्याकडून काही आलं नाही. बरोबर आहे.

मंगळवारी दयाराम मास्तरांच्या छापखान्यात गेलो. दीड वर्षानंतर. त्यांची नोकरी सोडताना मी आपटलेल्या दाराची काच फुटली होती, तिथे अजून पुठ्ठाच आहे. मास्तर खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यापाशी उभे होते. चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "या घरत. दार मात्र मी लावतो."

माझं पुस्तक त्यांच्याकडेच छापलं होतं, पण तेव्हा कागद कारखान्याच्या शिपायाहाती जात-येत. मी विचारलं, कच्ची मुद्रितं ठेवली आहेत का? त्यांनी काही न विचारता तारेत ओवलेला गठ्ठा काढला. मला तो एकोणिसाव्या पानाचा कागद आठवत होता, पण नेमकं काय लिहिलंय ते मी विसरलो होतो. माणूस सोयीने विसरतो.

त्या ओळीखाली त्यांची लाल पेन्सिल. 'ही ओळ सगळ्यांत आधी घ्यावी. माणूस आधी मरतो, देखभाल मग वाचतो.' त्याखाली माझी निळी शाई. 'हे वर्तमानपत्र नाही. शास्त्रीय पुस्तक आहे. आहे तसे छापावे. ज. घ.'

मास्तर म्हणाले, "मी दोनदा सांगायला हवं होतं. तुम्ही दार आपटाल म्हणून एकदाच सांगितलं." मग गठ्ठ्यातून कागद सोडवून माझ्या हातात दिला. "न्या. पण नीट घडी घाला, पेन्सिल पुसली जाते."

निघताना मी विचारलं, मास्तर, इंजिनाचं पुस्तक आणि बातमी, ह्यात काही फरक आहे की नाही? ते म्हणाले, "बातमी शिळी होते. बाकी वाचणारा तोच. घाईत असतो, आणि त्याचा आपल्यावर विश्वास असतो."

काल उरणला गेलो. जुनं पुस्तक पिशवीत होतं, ह्या वेळी शर्टात लपवलं नाही ह्याचंच मोठं धैर्य वाटत होतं. मावशी भाकऱ्या थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाचून जाली का पोथी?"

पिशवी घेऊन मी दारातच थांबलो.

"माज्या देवाघरची वस्तू, मना कलनार नाय? माजा कुंकू चार दिसांनी काला पडतो. तुजा बाजारचा, तांबडा लाल." मी म्हटलं, मग गणूला का नाही सांगितलंत? "त्यानं तुला खाडीत बुडवला असता. आन् मी बगत होती, आनून देतोस का नाय ते." भाकरी उलटली. "उशीर केलास."

मग मी गणूला ओट्यावर बोलावून सगळं सांगितलं. देव्हाऱ्यातलं आणि पिशवीतलं, दोन्ही पुस्तकं समोर ठेवून, चौकट काढली तिथपासून. त्याने माझ्या थोबाडीत दिली. एकच, पण कान अजून वाजतोय. मी हात उचलला नाही. मलाच नवल वाटलं.

नंतर तो खाडीकडे वळला. भरती लागत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दहावा सांग."

मी वाचून दाखवलं, माझ्या त्या शास्त्रीय भाषेत. त्याला ते जमेना. आतून मावशी ओरडल्या, "सरल सांग ना रं त्याला! इंजिन थुकतो का बग. थुकला नाय तर बंद कर." गणूने एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून म्हटलं. झालं पाठ. दहा दिवस पंख्याखाली बसून मला जे लिहिता आलं नाही ते तुझ्या आईने भाकरी थापता थापता सांगितलं.

मी खिशातून कागद काढला आणि तिथेच लिहून घेतलं. मग शिवाच्या घरी जाऊन ठमाबाईला वाचून दाखवलं, तिने दोन शब्द बदलले. हे पुस्तकात नको, पत्र्यावर रंगवून इंजिनाच्या वरच्या फळीला खिळ्याने ठोकायचं. पोथी घरी राहील, पत्रा होडीवर. 'तळाचं मोठं भोक बुजवू नका, तिथून इंजिन पाणी पितं' हेही त्यात आहे. शिवाने ते ऐकलं आणि म्हणाला, "येवढाच होता? कुनी सांगला असता तर..." पट्टीखाली हात नेला, खाजत असावं.

त्याने मला माफ वगैरे केलेलं नाही. ठमाबाईने तर नाहीच. जाताना म्हणाली, "शनवारी ये. तोंड दाखव सगल्यांना."

जगन


पनवेल, कारखान्यातून
ता. ७ ऑक्टोबर १९६१, शनिवार, सकाळ

वेणू,

हे शेठच्या कागदावर, शेठच्या टेबलाशी बसून लिहितोय. ते शेजारच्या खोलीत फोनवर मुंबईशी बोलतायत. माझ्यासमोर टाइप केलेलं निवेदन ठेवलंय. 'सदर सूचना प्रथमपासून पृष्ठ चारवर होती असे मी पुस्तकाचा लेखक या नात्याने प्रमाणित करतो.' खाली माझं नाव, सहीसाठी रेघ. साडेअकराला त्यांची गाडी उरणला निघणार, मी त्यात बसायचं.

काल संध्याकाळी मी शेठना गणूकडून चौकशीपुरतं मागून आणलेलं जुनं पुस्तक आणि मास्तरांचा कागद दाखवला. त्यांनी दोन्ही शांतपणे वाचलं. "ही तुझी सही आहे," म्हणाले. हो म्हटलं. "मग हे दाखवून तू स्वतःच्याच गळ्यात फास घालतोयस." तेही हो म्हटलं. त्यांनी दोन्ही माझ्याकडे परत सरकवलं. मग म्हणाले, "सकाळपर्यंत डोकं थंड होईल. तुझं डोकं मला माहीत आहे." चाळीतल्या त्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवून गेले. अजून तिथेच आहे, पितळेची, दोरीला लाकडाचा तुकडा.

त्यांचं एक चुकलं. माझं डोकं थंडच होतं.

निवेदनाची सही न केलेली बाजू खाली करून, पाठीमागे मी माझं लिहिलंय. चौकशीत वाचायला ह्याचीच दुसरी प्रत खिशात आहे. मास्तरांनी शिकवलं तसं, ज्याचं गेलं त्याचं नाव आधी:

'आठ सप्टेंबरला शिवा खलाशी यांचा डावा डोळा गेला. इंजिन सुरू होताच नळीतून पाणी पडते का हे पाहण्याची सूचना इंजिनाच्या मूळ पुस्तकात सर्वांत आधी होती. मराठी पुस्तकात ती जगन घरत याने एकोणिसाव्या पानावर नेली. छापखान्याने त्याला लेखी सावध केले होते, त्याने ऐकले नाही. तो कागद सोबत आहे. गणू तांडेल यांनी पुस्तकात सांगितलेली नऊही कामे केली. गणू यांच्या घरातील पुस्तक १८ सप्टेंबरला बदलण्यात आले. बदलणारा जगन घरत. पुस्तक बदलायला कोणी दिले ते विचारल्यास तो सांगेल.'

शेवटच्या ओळीवर अडलो होतो. आधी मी तिथे शेठना अर्धं पान शिव्या घातल्या होत्या. वाचताना ऐकू आलं, ही पुन्हा रागाचीच बातमी. खोडलं. विचारल्यास सांगेन, समोरासमोर. त्यांनाही तिथे बोलू दे.

पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. सोसायटी मला पोलिसांत देईल कदाचित. शिवाचा डोळा येणार नाही. वाड्यातली माणसं थुंकतील माझ्यावर, इंजिनासारखी. गणूची तांडेलकी मात्र राहील असं वाटतं. भगवान नाखवा कडक आहेत, पण त्यांना कागद वाचता येतो.

पत्रा रंगवून तयार आहे, पिशवीत. काळ्यावर पांढरी अक्षरं, बोटाएवढी जाड. रंग पूर्ण वाळला नाही, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलाय. मास्तरांचंच साप्ताहिक.

तुला काय लिहू? परीक्षा नीट दे. तुझ्या प्रश्नांच्या तीन ओळी मी वहीच्या पहिल्या पानावर उतरून घेतल्या आहेत, त्या माझ्याकडे राहू देत. उत्तर पाठवू नकोस, पाठवायचंच असेल तर मावशींना पाठव.

शेठचा फोन संपला. "जगन, झाली का सही?" आतून विचारतायत.

निवेदन पालथं टेबलावर ठेवतो, वर किल्ली, म्हणजे उडणार नाही. गाडीत बसणार नाही. पावणेबाराची एसटी आहे. हे पाकीट वाटेत पोस्टाच्या पेटीत टाकेन.

पिशवी घेतली. उठलो. दाराची कडी हातात आहे, शेवटची ओळ दाराच्या फळीवर कागद टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर असं. बाहेर पडतो आणि दार लावून घेतो. आपटत नाही.

जगन